धुऱ्याचं पोट

मोरेश्वर, काल दुपारी तू आला होतास. जेवून जरा आडवा झालो, डोळा लागला न लागला तोच तू धुऱ्यावरून चालत येताना दिसलास. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्यावर फावडं, गालात तंबाखूचा खर्रा. दोन्ही बाजूंनी धान तुझ्या कमरेला लागत होता. मी म्हटलं, आता हा बोलेल. तू माझ्याजवळून तसाच पुढं गेलास, आणि सरळ गेला नाहीस. मधे जिथं धुरा पूर्वी वाकडा होता तिथं वळून, अर्धा गोल घेऊन गेलास. आता तिथं माझा धान उभा आहे. तुझ्या पायाखाली त्याचं एक पातंसुद्धा वाकलं नाही. उठलो तर बायको विचारते, "झोपेत काय बडबडून राहिले होते हो? अबे थांब, अबे थांब?" मी म्हटलं, काही नाही, बस सुटत होती.

तुला जाऊन आज दहा दिवस झाले. तेरवी तीन दिवसांवर आली. गावात जो तो तुझ्या गोष्टी सांगतो आहे, कधी जन्मला, किती शिकला, कसा एकाएकी गेला. ते सगळं त्यांना सांगू दे. मला तुझ्याशी एकच बोलायचं आहे आणि ते तीन वर्षांपासून राहिलं आहे. तुझ्या आणि माझ्या शेताच्या मधली मातीची हद्द, आपला धुरा, खरा कुठं होता हे माहीत असलेली दोन माणसं होती. त्यातला एक गेला. आता तुझी प्रणिता म्हणते आहे, तेरवी झाली की सरकारी मोजणी आणू. पोरीचं चुकत नाही, आईच्या मागं कटकट नको म्हणून म्हणते. पण मोजणी आली की कागदावरची रेष निघेल, आणि कागदावरची रेष माझ्या सोयीची आहे. मला काहीच करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं आहे. गप्प बसणं मला किती चांगलं जमतं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

वहिनींचा निरोप आला आहे, उन्हं जरा वर आली की शेतावर या म्हणून. तोवर हे लिहायला बसलो. बाहेर धुकं इतकं आहे की अंगणातलं लिंबाचं झाड नुसतं आठवणीनं दिसतं. चहा निवून गेला.

या आठवड्यात वर्गात नेमका तोच धडा आला आहे बघ. जगावर राजा नाही, देशांच्या वर कोणतं सरकार नाही, तरी देशादेशांचा मिळून एक समाज कसा होतो, तो. परवा साकोलीला कॉलेजात फळ्यावर ‘अराजक’ एवढा एक शब्द लिहिला आणि खडू खाली ठेवला. पोरं बिचारी वह्या उघडून बसलेली. शेवटी डोकं दुखतं सांगून वर्ग सोडला. इतकी वर्षं हा धडा शिकवताना मी तुझ्याशीच भांडत होतो. तू समोर नसायचास, पण माझं प्रत्येक वाक्य तुला दिलेलं उत्तर असायचं. आता उत्तर कोणाला देऊ?

आपण दोघांनी नागपुरात एका खोलीत राहून राज्यशास्त्राचं एम.ए. केलं, हे आता कोणाला सांगितलं तर लोक माझ्याकडं पाहतात आणि मग तुझ्या चिखलाच्या पायांकडं. पहिला नंबर तुझा होता. तुझे बाबा गेले, तू गावाकडं परतलास ते धानातच उभा राहिलास, आणि तुझ्या मागं दुसरा आलेला मी कॉलेजात लागलो. तू एकदाही त्याचं काही बोलला नाहीस. मीच अधूनमधून उगाच चिडायचो, जसं काही तू मला नोकरीची भीक घातली होतीस.

त्या खोलीतली एक दुपार माझ्या अंगाला चिकटून राहिली आहे. उन्हाळा होता. गच्चीचा ताव खाली उतरायचा, फरशीवर पाणी शिंपडून आपण उघड्या अंगानं पडलो होतो आणि मधे तुझा तो फाटका ॲटलास. तू बोट निळ्या रंगावर ठेवलंस.

"नारायण, इथं कोणाचं राज्य?"

"कोणाचंच नाही."

"पोलीस?"

"नाही ना बे."

"मंग दोन जहाजं समोरासमोर आली तं?"

मी म्हटलं, मोठं असेल ते लहान्याला बुडवून पुढं जाईल. तू डोळे मिटून हसलास. "डाव्या अंगाले लाल दिवा, उजव्या अंगाले हिरवा. दोघंही आपापल्या उजवीकडं वळतात आणि निघून जातात. कोणी डुबून राहिला तं दुश्मनाचा असला तरी दोर टाकतात. कोण सांगाले गेलं त्यायले?" मग किती तरी वेळ तू त्या जहाजांबद्दल बोलत राहिलास, आवाज हळूहळू जड होत गेला, आणि मला वाटतं आपण दोघंही झोपलो, कारण पुढचं काही आठवत नाही. फक्त फरशी हलत होती असं आठवतं.

समुद्र आपण दोघांनी तोवर पाहिला नव्हता. मी नंतर पाहिला. तू नाहीच पाहिलास. थंडीत तलावावर धुकं पसरून पलीकडचा काठ दिसेनासा झाला की बांधाच्या पाळीवर उभा राहून म्हणायचास, "बस, असाच असन. कायले जाऊ तिकीट काढून?" पेपर तपासायला मुंबईला जायचो तेव्हा दर खेपेला मी म्हणायचो, चल यंदा. दर खेपेला तुझं काही ना काही निघायचं, धानाची लावणी नाही तर मळणी, रोवणा नाही तर चुरणा. आपण दोघंही मनातून समजत होतो की खूप वेळ आहे.

मी काही अगदीच मूर्खासारखं भांडत नव्हतो, हे तूही कबूल करशील. मी म्हणायचो, टीव्ही लाव. मोठा देश लहान देशात घुसतो, शहरंच्या शहरं पाडतो, सह्या केलेले कागद गुंडाळून ठेवतो, कोण त्याचं काय वाकडं करून राहिलं? वर कोणी नाही मोरेश्वर. वर कोणी नसलं की खाली फक्त भीती असते. ज्याच्या हातात दांडा जास्त जाड त्याचं खरं, बाकी सगळं बोलायचं. तू उठून जायचास, खर्रा थुंकून यायचास आणि शांतपणे विचारायचास, "घुसला तेव्हा काही कारण सांगतलं का नाही त्यानं?"

"सांगतो ना. सपशेल खोटं."

"खोटं काहून होईना, पण सांगतलं कोणाले? वर तं कोणी नाही म्हणतोस. नागझिऱ्यातला वाघ चितळाले कारण सांगते का?"

माझा असा संताप व्हायचा! कारण यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि नव्हतं हे तुला दिसायचं. तरी तू कधी जिंकल्याचं तोंड केलं नाहीस. मी ते तोंड केलं असतं, आठवडाभर.

आणि ती पोट्टीची उत्तरपत्रिका! साकोलीच्या स्टँडवर आपण तर्री-पोहे खात होतो. तू खतासाठी आला होतास, मी घटक चाचणीचा गठ्ठा घेऊन घरी निघालो होतो. प्रश्न साधा होता, आंतरराष्ट्रीय समाज म्हणजे काय. एका मुलीनं लिहिलं होतं, "ज्या समाजाचे लोक अनेक देशांत राहतात आणि जो समाज दर वर्षी उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा घेतो, त्या समाजाला आंतरराष्ट्रीय समाज म्हणतात." मी इतका हसलो की नाकात तर्री गेली. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडं समाज म्हटला की आपली जात, समाजभवन, समाजाचा मेळावा. तिनं घरात ऐकलेला शब्द पेपरात लिहिला. मी तिला भोपळा द्यायला पेन काढला तर तू माझा हात धरलास.

"पास कर तिले."

"काहून?"

"बरोबर लिहिलं पोरीनं. तुह्यापेक्षा बरोबर. मले सांग, समाज कोण चालवते? अध्यक्ष? त्याले तं घरी बायको चहा इचारत नाही. पोलीस हाय का समाजाचा? तरी तुह्या आज्याच्या मातीले तो साकरा आला होता का नाही, ज्याच्यासंगं वीस वर्सं बोलणं बंद होतं? त्याच्या घरी लग्नाची पत्रिका गेली होती का नाही? आला, मागं उभा राह्यला, लाकूड ठेवलं, निघून गेला. नसता आला तं कोणी काय केलं असतं त्याचं?"

मी म्हटलं, समाजात भांडणं काही कमी आहेत का? तर तू पोह्याची प्लेट खाली ठेवलीस आणि म्हणालास, "परक्यासंगं मारामारी होते. भांडण व्हाले समाज लागते. भांडणात कोणती गोष्ट काढाची आणि कोणती नाही काढाची, हे दोघालेही माहीत असते ना." टपरीवाला आपल्याकडं पाहत होता. त्याला वाटलं, जमिनीचं काही चाललं आहे. मी त्या पोरीला अर्धा गुण दिला. त्या अर्ध्या गुणावरून तू मला वर्षभर छळलंस, कंजूस म्हणून.

मग तो उन्हाळा आला. मला अजून तो दिवस नीट पाहवत नाही, म्हणजे मनातसुद्धा.

आपला धुरा रस्त्यापासून पाटापर्यंत सरळ जायचा, फक्त मधे एका जागी माझ्या बाजूला फुगलेला होता. धुऱ्याचं पोट म्हणायचो आपण त्याला. तिथं कधीकाळी मोहाचं झाड होतं. झाड तुमचं, सावली दोघांची, असं आपल्या आज्यांनी ठरवलं आणि धुरा झाडाला वळसा घालून टाकला. झाड पडलं, त्याच्या सावलीत जेवूनखावून मोठे झालेले लोक ते विसरले, पण वळसा तसाच राहिला. लहानपणी आपण त्या पोटात बसून आंबट बोरं खाल्ली आहेत. चार पावलांची जागा. सरकारी नकाशात हे पोट नाहीच, तिथं सरळ रेघ आहे, कारण रेघ ओढणाऱ्या साहेबाला मोह दिसला नसावा. एम.ए.ला तू असल्याच रेघांवर निबंध लिहिला होतास, पट्टी ठेवून देशांच्या सीमा आखणाऱ्यांवर. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मग मीच पट्टी ठेवली. ट्रॅक्टरवाला पोटाशी येऊन थांबला, ओरडून म्हणाला, "सर, इथं काय करू?" मी मोबाईलवर बोलत होतो. बोलता बोलता हातानं दाखवलं, सरळ. एवढंच. एकदा हात हलवला आणि तुझ्या-माझ्या आज्यांचा शब्द ट्रॅक्टरच्या तव्यांखाली गेला. संध्याकाळी तू आलास, धुऱ्यावर उभा राहिलास. मी म्हटलं, ट्रॅक्टरवाल्यानं केलं. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढं म्हटलं, "नकाशात तं तसाच हाय. पटत नसन तं मोजणी आण." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला स्वतःलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं.

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू पायानं माती जराशी सारखी केलीस आणि म्हणालास, "मोजणी मी नाही आणत. धुरा कुठं होता हे तुले माहीत हाय. जेव्हा वाटन तेव्हा सांग." मग फावडं उचललंस आणि गेलास. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं, हे तेव्हा कोणाला कळलं होतं?

काहून केलं मी असं? चार पावलांत येऊन येऊन किती धान येतो? नंतर मी स्वतःला एक मोठं छान कारण सांगत होतो, की मला पाहायचं होतं, वर कोणी नसताना तू काय करतोस ते. म्हणजे प्रयोग! खोटं आहे ते. सोय पाहिली, बस. आणि खरं खरं सांगायचं तर त्यात थोडी जळजळही होती. गावात काही अडलं की लोक कॉलेजातल्या सराला सोडून तुझ्याकडं जायचे. मला ते लागायचं. आज लिहितो आहे, तेव्हा बोललो असतो तर तू हसून टाकलं असतंस हेही मला माहीत आहे.

तीन वर्षं आपण बोललो नाही. आणि या तीन वर्षांत, मोरेश्वर, एकदासुद्धा माझ्या धानाच्या बांध्या कोरड्या राहिल्या नाहीत. पाटाचं पाणी आधी तुझ्याकडं येतं मग माझ्याकडं. तू अडवलं असतंस तर मी कोणाकडं जाणार होतो? तुझं झालं की तू पाणी माझ्याकडं वळवायचास आणि फावडं धुऱ्यावर उभं रोवून घरी जायचास. फावडं उभं म्हणजे आता माझी पाळी. मी लांबून फावडं पाहायचो, शेतात जायचो, माझं झालं की ते तुझ्या मेढीच्या खांबाला टेकवून यायचो. असं कधी ठरलं होतं? कोणी ठरवलं होतं? तुझा गोरा बैल माझ्या धानात शिरला तेव्हा मी त्याला कोंडवाड्यात नाही पाठवलं, आंब्याखाली बांधला, धानाची तणस घातली आणि बायकोकरवी निरोप दिला. तू दसऱ्याला माझ्या घरी आलास, माझ्या बायकोच्या हातात सोनं दिलंस, तिला "सुखी राहा" म्हणालास आणि मला ओलांडून गेलास. मी तिथंच खाटेवर बसलेला होतो, पेपर उलटा धरून.

माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः आणून तुझ्या ओसरीवर ठेवली. तू आतून पाहत होतास, मला दिसत होतं. लग्नाला आलास. जेवायला बसलास. वाढपी नंतर मला सांगत होता, "त्या मोरेश्वरभाऊनं तीनदा कढी घेतली." माझ्याशी बोलला नाहीस पण कढी तीनदा! मांडवात पोरीच्या पाठवणीला तू रडलास. मी रडलो. आपण एकमेकांकडं पाठ करून रडलो.

आणि याच दिवसांत मी वर्गात शिकवत होतो की दोन शेजारी देश आहेत, बोलणं बंद आहे, सीमेवर गोळ्या चालतात, तरी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ते एकमेकांना याद्या देतात, आमचे इतके लोक तुमच्या तुरुंगात, तुमचे इतके आमच्याकडं. दूतावासाच्या दाराशी सैनिक थांबतात. लढाई सुरू झाली तरी समोरच्याचा राजदूत धडधाकट घरी पोचवतात. पोरांना हे सांगायचं, बस धरायची, गावात उतरायचं आणि धुऱ्यावर तुझं उभं फावडं पाहायचं. डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडलाच होता, बाप्पा. कबूल करायची लाज वाटत होती. तुझ्या ओसरीवर येऊन एक वाक्य बोलायचं होतं, "तू म्हणत होतास ते खरं." दुसरं वाक्य त्याहून लहान होतं. कित्येक संध्याकाळी तुझ्या गल्लीपर्यंत आलो आणि पीठगिरणीत काम आहे असं दाखवून परत फिरलो.

तुझ्या मातीला आलो. सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. कोणी तरी कुजबुजलं, "आला का बापा हा." दुसरा म्हणाला, "आता न येऊन जाते कुठं." माझी पाळी आली तेव्हा लाकूड ठेवलं. तुझा चेहरा पाहिला, आणि खरं सांगतो, मला वाटलं तू झोपेत जहाजांचं काही पुटपुटतो आहेस. मी जरा वाकलोसुद्धा ऐकायला. लोकांना वाटलं पाया पडतो. त्या साकऱ्यानं आज्याच्या मातीला असंच केलं होतं का रे? तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास, तूच पाहिलं असशील.

धुकं विरळ झालं. लिंबाचं झाड दिसायला लागलं. निघतो आता. काय बोलणार आहे हे मला अजून माहीत नाही, हे तुला खोटं वाटेल.

हे पुढचं दुपारी लिहितो आहे, शेतावरून आल्यावर. पायाचा चिखल अजून धुतला नाही.

वहिनी आणि प्रणिता धुऱ्यावर उभ्या होत्या. धान निसवला आहे, दवानं सगळं शेत जड झालेलं, पाऊल टाकलं की पोटऱ्या भिजत होत्या. वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला. त्या दहा दिवसांत निम्म्या झाल्या आहेत. प्रणिता मोबाईल हातात घेऊन म्हणाली, "काका, मोजणीचा अर्ज भरून टाकते म्हणते मी. तुमची सही लागन शेजारी म्हणून. एकदा रेष निघाली का कोणाले काही बोलाले जागा नाही." मी हो म्हणणार होतो. अक्षरशः हो ओठावर आला होता, सहज, जसा त्या दिवशी हात हलला होता.

वहिनी म्हणाल्या, "मी हिले म्हटलं, आधी भाऊजीले इचारू. हे नेहमी म्हणत, धुऱ्याचं कधी काही निघालं तं कागद नका काढजा. नारायणले इचारजा. तो सांगन तिथं धुरा."

"असं म्हणाला तो? मोरेश्वर?"

"हव. आता आताही म्हणाले होते."

"बोलत नव्हता तं माझ्याशी."

"बोलत नव्हते तुमच्यासंगं. घरात तं तुमचंच असे."

मोरेश्वर, तू मेल्यावरसुद्धा मला सोडलं नाहीस! ज्यानं तुझी जमीन घेतली त्यालाच पंच करून गेलास. कागद नाही, साक्षीदार नाही, कोर्ट नाही. मी तिथं उभा राहून खालीच पाहत राहिलो. कोणी जोर केला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी नक्की नकाशा पुढं केला असता, मला मी ठाऊक आहे. पण दोन बाया नुसत्या वाट पाहत होत्या, मी सांगेन ते ऐकायला.

चपला काढल्या. धुऱ्यावरून खाली उतरून माझ्याच धानात शिरलो. लोंब्या हाताला लागत होत्या, दव बाहीत उतरत होतं. किती चाललो ते मोजलं नाही, पाय आपोआप चालत होते. एका जागी थांबलो, वळलो आणि म्हटलं, "इथं होता. धुऱ्याचं पोट इथपर्यंत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं नाही केलं, वहिनी. त्यानं विचारलं होतं. मीच सरळ घे म्हटलं." "चुकलो मी. त्याच्यापाशी म्हणायचं होतं, तुमच्यापाशी म्हणतो."

प्रणिताचा मोबाईल खाली गेला. ती एकदा माझ्याकडं पाहायची, एकदा आईकडं. वहिनींनी पदराच्या टोकानं डोळे पुसले, आणि मग मान जरा तिरपी करून, रांगोळीची रेघ पाहावी तसं, माझ्या पायांकडं पाहिलं. आधी पाटाच्या टोकाकडं, मग रस्त्याच्या टोकाकडं, मग परत माझ्या पायांकडं. तेव्हा मला कळलं की ज्याला माहीत आहे तो एकटा मी नव्हतो. कधीच नव्हतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "लय आत गेले तुम्ही. एक पाऊल इकडं या. तेवढं तुमचं हाय."

मी एक पाऊल तुमच्याकडं आलो.